छाट

गुरुवार, शुक्रवार फिल्डवर्क.
स्टेशनवरून सुटलेली सिटी बस विडी घरकुलला पोचेपर्यंत
वहीचं कव्हर घामानं मऊ पडतं.
एम.एस.डब्ल्यू. भाग एक, रोल नंबर सतरा.
गळ्यात ओळखपत्र,
त्यावरचा फोटो माझ्यापेक्षा ठाम.

अंबक्का बिंगी उंबऱ्यात.
मांडीवर सूप, सुपात ओली पानं,
पत्र्याच्या मापाभोवती कात्री फिरते
न बघता.
"रा अम्मा, कूचो," म्हणतात,
मग माझा चेहरा बघून मराठीत,
"बस की गं. उभारून काय लिवतीस?"

पहिल्या दिवशी मी लिहिलं,
सेवार्थी अत्यंत कष्टाळू व असहाय आहे.
हत्तुरे मॅडमनी लाल पेनानं 'असहाय' खोडलं.
समासात: कोण म्हणालं? त्या, की तू?

पुढच्या आठवड्यात:
बोलताना त्यांचे डोळे पाणावले.
लाल रेघ.
तंबाखूनंही पाणावतात. विचारलंस?

विचारलं.
त्या इतक्या हसल्या की सूप हललं.
"तंबाकू गं ती.
रडायचं असतं तर नळाच्या दिवशी रडले असते,
तोंड धुवायला पाणी तरी असतं घरात."

हे वाक्य मॅडमनी तसंच ठेवलं.
खाली काही लिहिलं नाही.

मग फंडाचं निघालं.
कारखान्याच्या कार्डावर अंबुबाई,
बँकेत अंबव्वा,
आधारवर अंबक्का,
आणि वारलेला नवरा एकीकडे नरसय्या, एकीकडे नरसिंग.
पाच नावांच्या दोन माणसांचे
बत्तीस वर्षांचे पैसे अडकलेले.
मी अर्ज लिहिला. पुन्हा लिहिला.
तिसऱ्यांदा साहेब रजेवर.
चौथ्यांदा अंगठा.

मशीन म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
पदराला पुसून पुन्हा.
कारकून म्हणाला, मावशी, दुसरा हात द्या.
दुसराही हात विड्यांचाच होता.
पानं दुमडून दुमडून रेषा
कुठल्या कुठल्या बंडलात बांधल्या गेल्या,
कुणाच्या ओठांवर जळून गेल्या, कोण सांगणार?

सहानुभूती आणि समानुभूती,
फरक स्पष्ट करा, गुण दहा.
त्या बाकावर मला एकाही गुणाचा आठवेना.
बाहेर त्रेचाळीस डिग्री.
त्या म्हणाल्या, "तू जेवलीस का?"
आणि पिशवीतून कडक भाकरी काढली, शेंगाची चटणी काढली.
(रिपोर्टमध्ये हे घ्यायचं की नाही,
अजून ठरलं नाही.)

कुणीतरी सांगितलं, पलीकडच्या केंद्रात
डोळ्याचं मशीन आहे.
गेलो.
त्यांनी पदर सावरला, जणू फोटो काढायचाय,
आणि ते सदा पाणावलेले डोळे
मशीननं पहिल्या फटक्यात ओळखले.

नंतर त्यांच्यासोबत ब्रँचला गेले.
चेकरनं बंडल सोडलं, बोटांनी चाळवलं,
आणि मूठभर विड्या बाजूच्या टोपलीत टाकल्या.
छाट.
पुन्हा मूठभर. छाट.
टाकलेल्यांची मजुरी नाही,
टाकलेल्या परतही नाहीत.
रांगेतल्या बाया आपापल्या बंडलांकडे बघत राहिल्या.

त्या रात्री हॉस्टेलवर लिहिलं,
चेकर अन्यायी व निर्दय आहे.
वाचलं.
मॅडमच्या आधी मीच रेघ मारली
आणि खाली लिहिलं:
एक हजारातून सत्तर काढल्या.
मोजल्या मी.

पुढच्या गुरुवारी उंबऱ्यात बसले,
उभी नाही राहिले.
"काय लिवलीस, वाच की," त्या म्हणाल्या.
वाचलं.
कात्री पहिल्यांदाच थांबली.

"सत्तर न्हवं गं, बाहत्तर.
दोन त्यानं कानावर ठेवल्या,
एक ह्या, एक त्या."

मी खोडलं.
पेन निळंच होतं.